खोलीत देव नको, असं तुम्ही म्हणाला होतात

बाई, तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढं मी कधीच निघून गेले. तरी तुम्हाला लिहायला बसले की पाठ आपोआप ताठ होते आणि अक्षर बरं यायला लागतं. परवा शाळेच्या कपाटाला वाळवी लागलेली दिसली. नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "काकू, हे जुने हजेरीपट रद्दीत टाकून देऊ का?" मी म्हटलं, रद्दीत काहून, मला द्या. रिक्षात घालून घरी आणले. आज सकाळपासून गच्चीवर चादर अंथरून ते उन्हात पसरले आहेत आणि मी बाजूला खुर्ची टाकून राखण करून राहिले आहे. एका हजेरीपटाची शेवटची दहा-बारा पानं कोरी निघाली. त्यांच्यावरच हे लिहिते आहे, नवा कागद कशाला नासवायचा.

तुमचं अक्षर अजून काळंभोर आहे. 'ह' म्हणजे हजर, 'गै' म्हणजे गैरहजर. खालच्या वर्गांच्या पानांवर 'गै' कुठंही विखुरलेला आहे, कोणाला ताप आला असेल, कोणी मामाच्या गावी सिहोऱ्याला गेलं असेल. पण वरच्या वर्गांत, जिथं फक्त मुली उरत, तिथं प्रत्येकीच्या ओळीत महिन्यातून एकदा चार 'गै' एकमेकांना चिकटून उभे आहेत. कोणाचे महिन्याच्या सुरुवातीला, कोणाचे अखेरीला. आजच्या मुलींना हे पान दाखवलं तर त्यांना उमगणार नाही. आम्हाला कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं. या हिंदी मुलखातली आपली मराठी शाळा रामाच्या देवळाची, वर्ग देवळाच्या सभामंडपात भरत, गाभाऱ्यासमोर पडदा ओढला की शाळा आणि सरकवला की देऊळ. पाळीच्या चार दिवसांत देवळाची पायरी चढायची नाही, म्हणून शाळेचीही नाही. महिन्यातून चार दिवस, वर्षातून जवळजवळ दीड महिना. तुम्ही हा हिशेब कोणाकडे तक्रार म्हणून नेल्याचं मला आठवत नाही, पण तो तुमच्या डोक्यात सतत चालू असायचा.

माझीही ओळ अशीच असणार. त्या वर्षांचे पट वाळवीनं खाल्ले, पण मला पुरावा नको. व्यस्त प्रमाण माझ्या चार दिवसांत शिकवून झालं होतं. पाचव्या दिवशी न्हाऊन, ओल्या केसांनी मी शाळेत आले तर फळ्यावर आठ मजूर बारा दिवसांत भिंत बांधत होते आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. शाळा सुटल्यावर तुम्ही म्हणालात, "घरी चल माझ्या." तुम्ही एकट्या राहत होतात, मागच्या गल्लीत, दोन खोल्या आणि एक न्हाणी. स्वयंपाकघरात तुम्ही मेथी निवडायला बसलात. अर्धी जुडी माझ्यापुढं टाकलीत.

"आपण दोघी निवडतो आहोत. आणखी दोघी आल्या तर मेथी लवकर निवडून होईल की उशिरा?"

"लवकर."

"माणसं वाढली, वेळ घटला. झालं व्यस्त प्रमाण. आता रडू नको, काड्या भाजीत टाकून राहिलीस."

खरंच टाकत होते. मी मॅट्रिक झाले ती त्या स्वयंपाकघरात. इतकी वर्षं घरचा जमाखर्च लिहिला, कामवाल्या बाईपासून विम्यापर्यंत, पण अजून व्यस्त प्रमाणाचं गणित आलं की माझ्या नाकाला मेथीचा वास येतो.

लग्न होऊन मी याच गावात राहिले, हे माझं नशीब. हे तोफगोळ्यांच्या सरकारी फॅक्टरीत, गोळ्यांत दारू भरायच्या विभागात. चीनच्या लढाईनंतर फॅक्टरीत भरती वाढली, नागपूर-वर्ध्याकडची कितीतरी मराठी कुटुंबं क्वार्टरांत येऊन राहिली आणि आपल्या सभामंडपात मुलं मावेनाशी झाली. तुम्ही मला बोलावून घेतलंत, "दुपारी दोन तास ये, पट आख, फीच्या पावत्या कर, तुला हिशेबाची आवड आहे." पगार नव्हताच. मी येत राहिले. माझी मुलं तिथंच बालवर्गात होती, शिवाय रामाचं दर्शन घडे. खरं सांगते, पहिल्यांदा मी रामासाठीच येत होते.

शेठजींना आणलं ते यांच्या विभागावर देखरेख करणाऱ्या एका चार्जमननं. शेठजी लाकडाचे व्यापारी. कुंडमच्या जंगलातलं लाकूड त्यांच्या आरा मशीनवर चिरलं जाई आणि त्याच्या पेट्या होऊन फॅक्टरीत जात, गोळे भरायला. ते आपल्या देवळाचे नव्हते, आपल्या भाषेचेही नव्हते. पांढरं धोतर, काळी टोपी, बोलणं कमी. देवळाचे पंच त्यांना गाभारा दाखवत होते, संगमरवरी फरशीची गोष्ट काढत होते. शेठजींचं लक्ष टेबलावरच्या हजेरीपटाकडं. व्यापारी माणूस, वही दिसली की उघडणारच. मला म्हणाले, "बहूजी, ये क्या है?" मी म्हटलं, हाजिरी है. त्यांनी पान उलटलं, मग आणखी एक, मग चष्मा पुसून पुन्हा पहिलं.

"बाईजी, ये बड़ी लड़कियाँ हर महीने चार-चार दिन कहाँ जाती हैं?"

मंडपात सात-आठ पुरुष माणसं. एकानं छताकडं बघितलं, एकानं चपला शोधायला सुरुवात केली. मी पदर डोक्यावर ओढला. तुम्ही मात्र खडूचे हात झटकलेत आणि फी किती ते सांगावं तशा आवाजात म्हणालात, "कहीं नहीं जातीं शेठजी. घर में बैठती हैं. महीने से होती हैं, और ये मंदिर है."

पंचांपैकी एक म्हणाले, "बाई, काय हे, पाहुण्यांसमोर..." शेठजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. "नहीं, नहीं. बाईजी ने हिसाब बताया है." मग पट मिटून म्हणाले, "महीने में चार दिन मेरी आरा मशीन बंद रहे तो मैं कारखाना बेच दूँ. फरशी रहने दो. बोलिए, क्या चाहिए?"

तुम्ही म्हणालात, एक मोठी खोली. देवळामागच्या गोठ्याच्या जागी. दार गल्लीत उघडणारं, देवळाच्या आवारात नाही. आणि खोलीत देव नको. तसबीर नको, समई नको, काही नको.

त्यावर जे वाद झाले ते तुम्हीच सोसलेत. देवळाची शाळा आणि देव नाही? ज्येष्ठ पंचांनी तर राजीनामा लिहून आणला होता. तुम्ही म्हणालात, "प्रार्थना रोज आवारात होईल, रामासमोर, सगळ्यांची. ज्यांना ज्या दिवशी आवारात यायचं नसेल, त्या त्या दिवशी गल्लीतल्या दारानं थेट वर्गात येतील. देव त्याच्या जागी, मुली त्यांच्या जागी." शेवटी ठरलं ते असं. जागा देवळाची. लाकूड, विटा शेठजींच्या. मजुरी फॅक्टरीतल्या आपल्या लोकांची, रविवारी. वरच्या वर्गांना मान्यता मिळवायची तर आणखी एक शिक्षिका हवी होती, तिचा पगार तीन वर्षं शेठजी देणार, पण दर दोन महिन्यांनी ते येऊन पट बघणार. मुली आल्या तर पगार चालू. हे त्यांनी हसून सांगितलं, पण ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं, हे सगळ्यांना कळलं.

किती रविवार गेले त्यात! आठवडाभर तोफेचे गोळे भरणारी माणसं सातव्या दिवशी विटा वाहत होती. यांचे तळवे सोलले. बाकं झाली ती पेट्यांच्या नापास फळ्यांची. बाकाखाली वाकून बघितलं की काळ्या रंगातले आकडे अजून दिसतात. भिंतींना चुना दिला, गल्लीकडं दोन खिडक्या आणि एक रुंद दार. खोली उभी राहिली तेव्हा नवरात्र तोंडावर आलं होतं. आणि तुम्ही मान्यतेच्या कागदांसाठी भोपाळला गेलात, आठ-दहा दिवस.

आता माझ्याबद्दल.

मला ती कोरी खोली बघवेना. विद्येची जागा आणि दिवा नाही, फूल नाही, देवळाच्या भिंतीला पाठ लावून उभी. मला वाटे, बाई पंचांशी भांडणाच्या भरात तसं बोलल्या असतील. मनातून त्यांनाही सरस्वती आवडेलच. तुम्ही परत याल तेव्हा तुम्हाला आनंदाचा धक्का द्यायचा, असं माझं ठरलं. घरखर्चातून वाचवलेले पैसे होते. थोरल्या जावेला घेऊन मी भेडाघाटला गेले आणि तिथल्या दुकानांतून संगमरवराची हातभर उंचीची सरस्वती बघितली. काय चेहरा होता तिचा! मी घासाघीस केली, माझी सवयच. मूर्तिकार म्हणाला, "बहनजी, माताजी का मोल-भाव नहीं करते." मी म्हटलं, "माताजी का कहाँ कर रही, तुम्हारे पत्थर का कर रही हूँ. माता तो बाद में आएगी." तो हसला आणि त्यानं भाव कमी केला.

देवळाच्या गुरुजींना मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "वहिनी, दसऱ्यापुरती बसवायची की कायमची? दसऱ्यापुरती असेल तर पाटीवर काढून पुजली तरी चालते, दुसऱ्या दिवशी उठवायची." बाई, त्या माणसानं मला नीट विचारलं होतं. मी हात जोडून म्हटलं, "कायमची, गुरुजी. प्राणप्रतिष्ठा करा." पूजा झाली, अकरा सवाष्णी जेवल्या, खोलीत धूप दरवळला. मी रडले सुद्धा. आपल्या हातून काही मोठं घडलं, असं मला वाटलं.

तुम्ही आलात ते स्टेशनवरून थेट. हातात वळकटी, अंगावर प्रवासाची साडी. मी दार उघडून बाजूला झाले. तुम्ही चपला काढल्यात. नमस्कार केलात. बराच वेळ बघत राहिलात आणि मग मला विचारलंत, "हे कोणी केलं?"

"मी, बाई. तुमच्यासाठी."

"गुरुजींनी प्राण घातला?"

"हो, विधिपूर्वक."

"मग ही खोली आता काय झाली?"

मला प्रश्नच कळेना. तुम्ही वळकटी खाली ठेवलीत, बाकावर बसलात आणि म्हणालात, "अगं, तू तरी. तुझ्याकडून हे व्हायला नको होतं." इतकंच. आवाज चढला नाही. तुम्ही मला लहानपणी छडीही मारली आहे, पण ती मला आठवत नाही, ही मात्र जशीच्या तशी आठवते. मी म्हटलं, मी काय करू आता? तुम्ही म्हणालात, "आणलीस तू. मी तिला ऊठ म्हणणार नाही. तुझं तू ठरव." आणि हात धुवायला गेलात.

मी ठरवलं नाही. खोलीत देवी बसली आणि जे सभामंडपात होतं तेच खोलीत आलं. मुलींना कोणी सांगितलं नाही, त्यांनीच पाळलं, आयांनी पाळलं, मीही पाळलं. ह, ह, ह, आणि मग चार गै. तो पट आज माझ्या पायाशी उन्हात पडला आहे.

शेठजी दोन महिन्यांनी आले. पट उघडला, बोट फिरवलं. "बाईजी, कमरा बन गया. लड़कियाँ तो फिर भी नहीं आईं. तो मैंने बनाया किसलिए?" तुम्ही देवीकडं बोट दाखवू शकला असतात, माझ्याकडंही. मी तिथंच पावत्यांची फाईल घेऊन उभी होते. तुम्ही म्हणालात, "थोड़ा समय दीजिए, शेठजी." ते म्हणाले, "अगली बार तक." पुढच्या खेपेला पट असाच दिसला तर दुसऱ्या शिक्षिकेचा पगार जाणार, पगार गेला की मान्यता जाणार आणि त्या सोळा-सतरा मुलींची शाळा तिथंच संपणार. सरकारी शाळेत इतक्या लांब मुलीला एकटी पाठवणारं घर आपल्यात तेव्हा एखादंच होतं.

तुम्ही खिडक्या उघडल्यात. ज्या मुलीचे ते दिवस असत ती गल्लीत खिडकीखाली उभी राही, गजांवर वही टेकून लिही, आणि तुम्ही फळा सोडून खिडकीकडं तोंड करून, घसा ताणून शिकवत होतात. डिसेंबर होता. एक दिवस मी आले तर तीन मुली भिंतीला लागून उभ्या, शाली लपेटलेल्या, बोटं आखडलेली. त्यातली एक माझ्या शेजारची, चांगली उंच, गणितात हुशार. ती मला म्हणाली, "काकू, फळ्याचा डावा भाग इथून दिसत नाही. तिथं काय लिहिलंय ते सांगता का?" मी आत जाऊन बघितलं आणि बाहेर येऊन तिला सांगितलं. मी आत जाऊ शकत होते आणि ती बाहेर, आणि देवी आणली मी.

तुम्ही म्हणाल, मग त्याच दिवशी काहून नाही उठवलीस? बाई, बांगलादेशची लढाई लागली होती. यांची ड्यूटी बारा-बारा तासांची. गेटवर आगपेटी, नाणी, किल्ली सगळं काढून ठेवायचं, बिनखिळ्यांचे जोडे घालायचे आणि आत दारूत हात घालायचे. रोज सकाळी डबा हातात देताना मी सरस्वतीचं नाव घेई, नवी होती ना माझी, मीच आणलेली. प्राण घातलेल्या देवीला स्वतःच्या तोंडानं ऊठ म्हणायचं, आणि तिकडे हे... मला पुढचं मनात सुद्धा आणवत नव्हतं. मुलींचं वर्ष एका बाजूला आणि यांचा जीव दुसऱ्या बाजूला, असं मी मनाशी मांडून बसले होते. ते चूक होतं की बरोबर, ते आजही सांगता येत नाही. भीती खरी होती.

शेवटी यांनाच सांगितलं. रविवारी दुपारी, हे अंगणात दाढी करत होते. सगळं ऐकून घेतलं, गालावर साबण तसाच. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यासाठी त्या पोरी थंडीत उभ्या?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. अगं, तिकडं मी वाचतो ते शेजारचा माणूस हात सांभाळून काम करतो म्हणून. आणि देवीला जर राग यायचाच असेल तर तो पोरींना बाहेर ठेवल्याचा येईल, की तिला आपल्या घरी आणल्याचा?" मग वस्तरा पाण्यात बुचकळत, "आण घरी. रोज खीर तरी मिळेल."

गुरुजी नाराज झाले. "वहिनी, कायमची म्हणून बसवलेली देवी तीन महिन्यांत निघा म्हणायची?" तरी त्यांनी उपाय सांगितला. चुन्यानं बसवलेली नाही, हलवता येते. उत्तरपूजा करून न्या, पण जिथं न्याल तिथं रोज पूजा आणि नैवेद्य हवा. कुलूपबंद घरात तिला ठेवता येणार नाही, एक दिवससुद्धा. मी कबूल केलं. त्या दिवसापासून आमच्या घराला बाहेरून कुलूप लागलं नाही. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला नागपूरला मी गेले तर हे घरी, हे गेले तर मी घरी. काशी दोघांनी मिळून झाली नाही. हे मी तक्रार म्हणून नाही लिहीत. मुलं म्हणत, आईनं आमच्यासाठी नाही तेवढं सरस्वतीसाठी केलं. चलो, म्हणू द्या.

उत्तरपूजा सोमवारी सकाळी झाली. अक्षता वाहून गुरुजींनी मूर्ती बोटभर सरकवली. मी डोळे मिटून घेतले. मग तिला नव्या पंच्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन सायकलरिक्षात बसले. रिक्षावाला म्हणाला, "दीदी, बच्चा है क्या? धीरे चलाऊँ?" मी हो म्हटलं. दिवसभर मी पाण्याचा घोट घेतला नाही. फॅक्टरीचा भोंगा संध्याकाळी झाला तेव्हा मी फाटकाशी उभी होते. सायकली येत राहिल्या, एक लोंढा गेला, दुसरा गेला. हे सगळ्यांत शेवटी, सायकल हातात धरून चालत. चाक पंक्चर झालं होतं. मला तिथं उभी बघून म्हणाले, "काय बघून राहिली? पंक्चर देवीनं केलं म्हणते की काय आता?" आणि मी रस्त्यात हसले, मग रडले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात. मला वाटलं, शाळेचं काही काम. तुमच्या पिशवीत तुमचं स्वतःचं पितळेचं निरांजन होतं, घासून लखलखीत केलेलं. ते देवीपुढं लावलंत, वाकून नमस्कार केलात. मग पाटावर बसून म्हणालात, "तुला वाटलं असेल बाईला देव आवडत नाहीत."

मी निरांजनाची वात सारखी करत राहिले.

"मला ती फार आवडली गं. भोपाळहून आले आणि बघितली तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? अशीच ठेवावी. मुली चार दिवस नाही आल्या तर नाही आल्या, असं वाटून गेलं मला. म्हणून जास्त राग आला." मग म्हणालात, "चहा टाक. साखर कमी घाल, महाग झाली आहे." मला तुमचं ते वाक्य कोणाला सांगायचं धाडस कधी झालं नाही. आज लिहिते आहे तेही तुम्हालाच.

शेठजी पुढच्या खेपेला आले आणि त्यांनी पट बघितला. पानभर ह. त्यांनी शेवटचं पान उलटून मागची बाजूही बघितली, कुठं लपवलेलं नाही ना म्हणून, आणि "अच्छा" म्हणाले. तीन वर्षांचं ठरलं होतं, त्यांनी सात वर्षं पगार दिला. ती खिडकीतली उंच मुलगी पुढं सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेरीत अधिकारी झाली. आता तीही निवृत्त आहे.

तिनं आणि तिच्याबरोबरच्या सात-आठ जणींनी यंदा शाळेसाठी निधी जमवला आहे. नवी इमारत, प्रयोगशाळा, मुलींसाठी नीट स्वच्छतागृह. फार चांगलं चाललं आहे, बाई. त्यांचं म्हणणं एकच, नव्या इमारतीच्या आत मधोमध सरस्वतीचं छोटं देऊळ बांधायचं, तुमच्या नावानं. समितीत सगळ्यात जुनी मी, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, बाईंचा फोटो लावा, नाव द्या, देऊळ नको. सगळे माझ्याकडं बघायला लागले. दिवसातून दोनदा पूजा करणारी ही बाई. नव्या मुख्याध्यापिका, तरुण आहेत, प्रेमानं म्हणाल्या, "काकू, आता ते कोण पाळतं? आमच्या मुली तर ऐकून हसतील." ती उंच मुलगी म्हणाली, "काकू, तेव्हाचं तेव्हा होतं. मूर्ती तर तुम्हीच आणली होती ना, मला आठवते, किती सुंदर होती." तिच्या मनात राग नाही. खिडकी सुद्धा तिला गंमत म्हणून आठवते. मला त्यांना पटवता आलं नाही. मी नुसती नको, नको म्हणत राहिले. शेवटी त्यांनी माझ्या वयाचा मान ठेवला आणि देऊळ बांधायचं रद्द केलं. का नको ते मी सांगितलं नाही. ते तुम्हाला सांगते, हे पत्र कुठंच जायचं नाही म्हणून.

मूर्ती घरी नेल्यानंतर ती खोली पुन्हा नुसती खोली झाली. मुली गल्लीतल्या दारानं रोज येऊ लागल्या, महिनाभर, सगळ्या. मीही येत राहिले, पट आखायला, पावत्या करायला, तुम्ही होतात तोवर आणि नंतरही. पण माझ्या त्या चार दिवसांत मी त्या खोलीत कधीच पाऊल ठेवलं नाही. एकदाही नाही. तिथं देवी नाही हे मला पक्कं माहीत होतं, ती माझ्याच घरात होती. तरी पाय उचलत नव्हता. तुम्हाला मी कधी पापड सांगितले, कधी पाहुणे, कधी सासूबाईंचे गुडघे. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. साऱ्या शाळेचे रिकामे दिवस मोजणाऱ्या तुम्ही, माझे मोजले नसतील असं कसं होईल? तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि बाई, विचारलं असतंत तरी मी पापडच सांगितले असते.